पत्र्याखालचे दोन मीटर

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे. हल्ली मला कुणी ओळखत नाही, म्हणून ओळख मीच करून देते. वर मूठ, खाली चाक आणि मध्ये आकड्यांची डबी. मला ढकलत चालायचं, की किती मीटर चाललात ते डबीत दिसतं. एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी थेट रस्ते पाहणाऱ्या इंजिनिअरबाईंच्या हाती आले.

पवनचक्कीचं एकेक पातं साठ मीटर लांब असतं. ते गावांतल्या वळणांवरून डोंगरावर न्यायचं, तर आधी सगळा रस्ता मोजावा लागतो. अकरा वर्षं ते काम आम्ही दोघींनी केलं. मोऱ्या, विजेचे खांब, आडव्या फांद्या, काही सोडलं नाही. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं बाई चारचौघांत म्हणायच्या, आणि मी फुगून जायचे.

मग ड्रोन आला. खोटं कशाला बोलू, तो मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपला. त्याला गादी घातलेली पेटी आणि मी डिकीत, स्टेपनीशेजारी! मला चार दिवस लागायचे ते काम तो जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचा. बाई त्याला मऊ फडक्याने पुसायच्या, तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका गावात वळणावरच शिंपीणकाकूंचं दुकान होतं. मागच्या खोलीत त्या राहायच्या. पात्याची शेपटी वळायला तिथे रस्त्याकडेला सहा मीटर मोकळी जागा हवी होती. ड्रोनने वरून फोटो काढले. त्यावरून नकाशा झाला आणि त्यात जागा साडेचारच मीटर निघाली. म्हणजे दुकान पाडायचं. अहो, वरून त्याला छप्पर दिसलं. छपराखाली भिंत कुठे आहे, ते कसं दिसणार? काकूंचा पत्रा भिंतीपुढे चांगला दोन मीटर आला होता.

डिकी उघडी होती, मला सगळं समोर दिसत होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, होऊ दे याची फजिती. पण काकू कपड्यांचे गठ्ठे बांधायला लागल्या, आणि माझा आनंद कुठल्या कुठे पळाला.

पाडण्याआधी बाईंना एकदा खात्री करायची होती. त्या दिवशी वारा एवढा सुटला होता की ड्रोन उडेना. नाइलाजाने त्यांनी मला काढलं. रस्त्याच्या कडेपासून आम्ही निघालो. साडेचारवर पत्र्याची कड आली आणि बाई थांबल्या.

"थांबलात का, ताई? आत या की," काकू म्हणाल्या. "भिंत अजून पुढे आहे."

आम्ही पत्र्याखाली गेलो. डबीत आकडा आला, साडेसहा. बाईंनी पुन्हा मोजलं. मग त्या पायरीवरच बसल्या.

"काकू, गठ्ठे सोडा. एक दिवस पत्रा उतरवू, पातं गेलं की परत बसवून देऊ."

काकूंच्या हातांना गाठी सुटेनात. शेवटी बाईंनीच त्या सोडल्या.

पातं नीट गेलं. अहवाल छापला, त्यावर फोटो ड्रोनचा! मी पुन्हा डिकीत. जळते मी अजून, रोज जळते.

तरी मित्रांनो, नवी यंत्रं जरूर वापरा. फक्त कुणाचं घर पाडण्याआधी त्या दारापर्यंत चालत जा आणि आतल्या माणसाला विचारा. कारण काकूंनी आत बोलावलं नसतं, तर बाई पत्र्याच्या कडेवरूनच परतल्या असत्या, आणि माझ्या डबीतही साडेचारच राहिले असते.