पुढची पन्नास वर्षं

विद्यापीठाच्या कार्यक्रम कचेरीत तिची खुर्ची खिडकीपाशी होती, पण त्या महिन्यात तिथे टेकायलाही तिला उसंत नव्हती. खेळांच्या अंतिम फेऱ्या, नाट्यसंघाचा नवा प्रयोग आणि व्याख्यानांचा आठवडा, सगळं एकमेकांच्या मानगुटीवर बसून आलं होतं. कुणाला सभागृह हवं, कुणाला माईक, कुणाला मैदानाकडच्या फाटकाची किल्ली. आणि सगळ्यांना ते आत्ताच्या आत्ता हवं.

व्याख्यानांमध्ये एक तिच्या वडिलांचं होतं.

अप्पांनी याच विद्यापीठात भूशास्त्र शिकवण्यात उभा जन्म घालवला होता. मुलं पाठीमागे त्यांना ‘पाषाण सर’ म्हणायची, हे त्यांना ठाऊक होतं, आणि थोडं आवडतही होतं. आई गेल्यापासून मात्र ते घराबाहेर पडेनासे झाले होते. सकाळचा पेपर शब्दकोड्यापुरता उघडायचा, दुपारी पलंगावर पडून छताकडे बघत राहायचं. विभागाकडून बोलावणं आलं आणि माणूस बदलला. कोट धुवायला गेला. चष्म्याची सैल झालेली काडी त्यांनी स्वतः जाऊन दुरुस्त करून आणली. विषयही त्यांनीच ठरवला: ‘आपला विभाग: पुढची पन्नास वर्षं’.

पोस्टरं छापून आली, त्याच दुपारी विभागप्रमुख बाई कचेरीत आल्या. कधीकाळी अप्पांच्याच विद्यार्थिनी होत्या त्या. दार लोटून घेऊन त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या.

“विभाग बंद होतोय गं,” त्या म्हणाल्या. “हे सत्र शेवटचं. मुलं येत नाहीत, म्हणतात. आम्हाला इकडेतिकडे वाटून टाकतील. दगडांचा संग्रह जाईल गोदामात.”

“अप्पांना माहीत आहे?”

“तेच तर. सांगितलं तर ते येणारच नाहीत. व्याख्यान तेवढं पार पडू दे. मग मी स्वतः घरी येऊन सांगते.”

ती हो म्हणाली. का म्हणाली, ते पुढे तिला नीटसं सांगता आलं नाही. घरात इतक्या दिवसांनी कुणीतरी शीळ घालत होतं, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती भांडी विसळत असताना अप्पा दारात उभे राहून भाषण म्हणून दाखवायचे. संग्रहासाठी नवी इमारत हवी. पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्गात कोंडायचं नाही, सरळ डोंगरावर न्यायचं. नळ मोठा सोडून ती पाण्याचा आवाज वाढवायची.

“अप्पा, विषय जरा बदलला तर?” एकदा ती म्हणाली. “तुमच्या भटकंतीच्या आठवणी सांगा. मुलांना आवडतील.”

“आठवणी म्हाताऱ्यांनी सांगाव्यात,” अप्पा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसले. तिच्या ओठांशी आलेलं तिने परत गिळलं.

ऐनवेळी शर्यती एक दिवस पुढे गेल्या आणि रिलेची अंतिम फेरी नेमकी व्याख्यानाच्या वेळेवर येऊन पडली. सारं विद्यापीठ मैदानाकडे लोटलं. सभागृहात पुढच्या रांगेत विभागातली चार माणसं, मागे एक पेंगणारे निवृत्त गृहस्थ, बाकी खुर्च्याच खुर्च्या. अप्पा अजून शेजारच्या खोलीत चहा घेत होते. ती धावतच तालमीच्या हॉलवर गेली आणि नाट्यसंघाच्या दिग्दर्शकाला म्हणाली, “पाया पडते, तासभर तुझी सगळी पोरं दे.”

पोरं आली. काहींच्या चेहऱ्यावर अजून रंग होता. त्यांना बसवता बसवता ती कुजबुजली, “शेवटी एखाददुसरा प्रश्न विचारा हं. सरांना बरं वाटेल.”

अप्पा छान बोलले. मैदानावरून आरोळ्या यायच्या तेव्हा थांबायचे, “ही गर्दी आपल्यासाठी नाही, हे मला कळतंय,” म्हणायचे, आणि पोरं मनापासून हसायची. भिंतीला टेकून उभी असलेली ती हळूहळू सैल झाली. निभावलं, तिला वाटलं.

“काही शंका?” अप्पांनी विचारलं.

तिसऱ्या रांगेतली, मिशा रंगवलेली एक मुलगी उठली. पोर गुणी होती. सांगितलेलं काम करत होती.

“सर, खूप आवडलं. पण माझी मैत्रीण याच विभागात आहे. ती म्हणते, या सत्रानंतर विभाग बंद होणार. मग हे सगळं कुठे करायचं?”

अप्पांनी आधी विभागप्रमुख बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. मग त्यांची नजर फिरत फिरत भिंतीपाशी आली. लेकीचा चेहरा त्यांना लहानपणापासून वाचता येत होता. एवढ्या लांबूनही त्यांनी तो वाचला.

बाहेर कुणीतरी जिंकलं असावं. मोठा गलका उठला. तो ओसरेपर्यंत अप्पा थांबले.

“चांगला प्रश्न आहे, बाळ,” ते म्हणाले. “उत्तर माझ्यापाशी नाही. मला जरा उशिरा कळलं.” त्यांनी कागद गोळा केले, एकाला एक लावून घडी घातली आणि पायऱ्या उतरले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

दोघं घरी आली. कोट काढून त्यांनी खुंटीला नीट अडकवला.

“तुला कधी कळलं?”

“पोस्टरं आली त्याच दिवशी. अप्पा, तुम्हाला त्रास नको म्हणून—”

“ठकी,” ते म्हणाले. लाडाचं नाव होतं ते, पण आवाजात लाड नव्हता. “नाव मीच ठेवलं, आणि मलाच ठकवलंस.”

“तुम्ही गेलाच नसता.”

“गेलो असतो. का नसतो गेलो? तुम्ही दोघींनी परस्पर ठरवलंत, की म्हाताऱ्याला झेपायचं नाही.” ते खुर्चीत बसले. “मी निरोपाचं बोललो असतो गं. जिथे जन्म काढला, तिथला निरोप घेता आला असता मला. त्याऐवजी नव्या इमारतीच्या गप्पा मारून आलो. सगळ्यांना माहीत होतं. हसं करून घेतलं मी माझं.”

“कुणी हसलं नाही, अप्पा.”

“तेच तर,” अप्पा म्हणाले. “कीव केली.”

ती रडली. त्यांनी तिला उगी केलं नाही. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं राहिलं. चहा झालाय, दिवा घालव, दूधवाला येऊन गेला. विभागप्रमुख बाई ठरल्याप्रमाणे भेटायला आल्या, तेव्हा अप्पा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. शीळ पुन्हा ऐकू आली नाही.

सत्र संपलं. संग्रह हलवायचा दिवस ठरला, तेव्हा तिने त्यांना विचारलं, “येता का?” त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

त्या दिवशी ती कचेरीत स्नेहसंमेलनाच्या तारखा लावत होती. खाली ट्रकमध्ये खोकी चढत होती. हमालांपैकी कुणीतरी वैतागून ओरडलं, “यात काय दगड भरलेत काय?” आणि दुसरा म्हणाला, “हो की!” तिने खिडकीतून वाकून पाहिलं. समोरच्या बाकावर अप्पा बसले होते. घरातल्या चपला, अंगावर साधा सदरा. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक.

ती हातातलं काम तसंच टाकून जिना उतरली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ऊठ, असंही म्हणाले नाहीत. दोघं एकेक खोकं चढताना बघत राहिली.