वीज कोणाची पडली?

लाईटीला आमी लाईटच म्हणतो. लाईट आली, लाईट गेली, लाईटीचा झटका बसला. पण पनवेलला लाईटीच्या ऑफिसात तक्रार करायला निघाले, तर माझ्या दिराची मनस्वी मला शिकवायला बसली. दहावीला हाय ती. "काकी, साहेबांसमोर लाईट नको म्हणू. लाईट म्हणजे उजेड. तू वीज म्हण." म्हटलं, बरं बाई.

तिथं सुशांत साहेब म्हणून होते. त्यांना सांगितलं, "साहेब, आमच्या आळीत वीज पडली. म्हैस जागच्या जागी मेली. परत पडली तर पोरं मरतील."

साहेबांनी मान पण वर केली नाय. "वीज पडली ना? मग तहसीलला जा. आभाळातल्या विजेचं आमच्याकडे काही नसतं."

"आभाळातली नाय वो! तुमची! खांबावरची तार तुटली. तुमच्या वायरमननं नायलॉनच्या दोरीनं बांधली, उद्या येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. शाळेची पोरं तिच्याखालून जातात, माझी मनस्वी पण!"

"आता तार कुठून आली? तुम्हीच म्हणालात, वीज पडली. तशी नोंद झाली. नैसर्गिक आपत्ती."

डोकं असं फिरलं माझं! एका शब्दावर हात झटकून मोकळा! म्हटलं, "साहेब, आभाळातली वीज पडते तेव्हा आधी उजेड दिसतो, मागून गडगडाट येतो. आमची मनस्वी पुस्तकात वाचते ते. ऐन थंडीत, ढगाचा ठिपका नाय, आणि कुठली वीज पडली वो?"

"ते तहसीलला सांगा."

तहसीलला गेले. ते म्हणाले, थंडीत वीज कशी पडेल, लाईटीच्या ऑफिसात जा. मला काय चेंडू समजतात का हे लोक!

मग आळीतल्या बायका घेऊन गेले आणि साहेबांच्या केबिनमध्येच बैठक मारली. सोनाबाईनं तर तिथंच मेथी निवडायला काढली. शेवटी साहेब वैतागून जीपमध्ये बसले. "पाहणी करतो," म्हणाले, "पण नोंद बदलणार नाही."

आळीत आलो. तार आणखी खाली आली होती, हात वर केला तर लागेल इतकी. साहेब लांबच थांबले. "इथून दिसतंय मला."

"नाय नाय, जवळ या ना!" मी तारेखाली जाऊन उभी राहिले. "वीज आभाळातली ना? मग ही काय, कपडे वाळत घालायची दोरी?" आणि रागाच्या भरात हात वर उचलला.

साहेब किंचाळले, "अहो बाई, मागे व्हा! करंट आहे तिच्यात! मराल!"

"कोणाचा करंट?"

"आमचा! आमचाच आहे! आधी बाजूला व्हा!"

मी बाजूला झाले. साहेबांना घाम फुटला होता. सगळी आळी त्यांच्याकडं बघत होती.

"मग करा तुमचा करंट बंद," मी म्हटलं. "आणि नवी तार लागेपर्यंत इथनं हलायचं नाय. पोरं शाळेतनं निघालीत."

साहेबांनी फोन काढला.