उगीच आणि चौथा पेड

आमच्या दोरांच्या कारखान्याच्या पाटीवर एका काळ्या कुत्रीचं चित्र आहे आणि खाली तिचं नाव: उगीच. ते नाव बदलायचं म्हणून धाकटा भाऊ हात धुऊन माझ्या मागे लागला होता. बचाव पथकाचे प्रमुख दोर बघायला येणार होते. त्यांच्या पथकाची मागणी हुकली तर कारखान्याला कुलूप लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"ताई, 'उगीच' नावाच्या दोरावर जीव कोण टांगेल? 'वज्र' लिहू या."

"नाव राहील," मी म्हणाले. "आणि मागणीही मिळेल."

प्रमुख आल्या आल्या हसले. "हे कसलं हो नाव?"

मग मी सांगितलं. आमची खापरपणजी नदीकाठी दोर वळायची आणि एका मरतुकड्या कुत्रीला खाऊ घालायची. ती कुत्री ना राखण करायची, ना शिकार. लोक विचारायचे, हिला कशाला पोसतेस? खापरपणजी म्हणायची, "उगीच." तेच नाव पडलं. पुढे पुरात नावेचा दोर तुटला, तेव्हा त्या कुत्रीने तुटलेलं टोक दातांत धरलं आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत सोडलं नाही. मग पाण्याने तिला नेलं. आमच्या घरात गोष्ट सांगता सांगता ही कुत्री दर पिढीला वीतभर वाढते. आजोबांच्या वेळी ती घोड्याएवढी झाली होती. पण त्या पुरापासून आमच्या दोरात तीन पेडांच्या पोटात चौथा, बारीक काळा पेड असतो.

"तीन पेड पुरतात की," प्रमुख म्हणाले. "गोष्टी राहू द्या, बाई."

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे वळणारा स्वतः लोंबकळल्याशिवाय दोर बाहेर जात नाही. मी माळ्यावर चढून तुळईला नवा दोर बांधला, दुसरं टोक कमरेला आवळलं आणि कठड्यावरून स्वतःला खाली सोडलं. खाली दगडी फरशी होती. चाकू काढून मी डोक्यावरचा एक पेड कापला.

"ताई, वेड लागलंय का तुला?" धाकटा ओरडला.

दुसरा कापला. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? तरी तिसराही कापला.

जोराचा हिसका बसला. मी खाली आले नाही.

प्रमुख त्या करंगळीएवढ्या काळ्या पेडाकडे बघतच राहिले. "कुणी मागत नसताना दर दोरात हा घालता? कशासाठी?"

धाकटा माझ्याखाली दोन्ही हात पसरून उभा होता. त्याचे डोळे भरले होते.

"उगीच," तो म्हणाला.