मामांचं मेक्सिकन हॉटेल

धाकट्याच्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी त्याच्या मामांना मेक्सिकन हॉटेल काढायची हुक्की आली. हुक्कीच म्हणायची. अर्धं आयुष्य दवाखान्याच्या स्वयंपाकघरात रोग्यांचं जेवण शिजवणाऱ्या त्या माणसाने मेक्सिको नकाशावरसुद्धा धड पाहिला नव्हता. मामींनी महिनाभर अबोला धरला, आणि मग मुकाट्याने गल्ल्यावर येऊन बसल्या.

मामा धाकट्याला निरोपावर निरोप धाडत. कॉलेजातल्या मित्रांना घेऊन ये, चार पोरं आली की मागून चाळीस येतील. धाकटा दर वेळी अभ्यासाचं तुणतुणं वाजवी. खरी गोष्ट अशी, की कॉलेजात त्याने आपलं घराणं बरंच वर नेऊन ठेवलं होतं, आणि त्या उंचीवर तेलकट ॲप्रनमधला मामा काही बसत नव्हता.

घोळ केला तो त्याच्या एका मित्राने. त्याला सगळे पंडित म्हणत, कारण ज्याला तो नावं ठेवणार नाही असा पदार्थ अजून कुणाच्या चुलीवर चढला नव्हता. रस्त्यावरची पाटी त्यानेच पाहिली आणि गंमत बघू म्हणून धाकट्याला दंडाला धरून आत नेलं. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आत भिंतीवर रुंद काठाची एक टोपी खिळ्याला टांगलेली, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचं निवडुंग. त्याला कुणीतरी इमानाने पाणी घालत असावं, कारण कुंडीखालची फरशी ओली होती. गल्ल्यावरून मामींनी मान वर केली. धाकट्याने नजरेनेच गप्प राहायला विनवलं. मामींना कळलं. त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

टाको आले. मक्याच्या दुमडलेल्या पोळीचं जे कवच दाताखाली कडकड मोडायला हवं, ते मामांनी वाफेवर धरून मऊ केलं होतं, कुणाच्या हिरड्यांना लागायला नको म्हणून. राजमा शिजवून चाळणीतून घोटलेला. मिरच्या बिया काढून, उकळून, वर धुतलेल्या. मिठाचा पत्ता नाही. आणि ताट खणाखणांचं, स्टीलचं, दवाखान्यात खाटेवर आणून देतात तसलंच.

पंडिताला घबाड सापडलं. हे आधीच कुणीतरी चावून ठेवलंय, तो म्हणाला. माहीत असतं तर दात घरी ठेवून आलो असतो. धाकटा हसला. हसून थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याला स्वतःची भर घालायची होती. बिलासोबत गोळ्यांची चिठ्ठीही देतील, असं तो बोलला, तेही स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पंडिताने आचाऱ्यालाच बोलावणं पाठवलं. मामा हात पुसत बाहेर आले. भाच्याला पाहताच त्यांचा चेहरा फुलला, पण भाचा मेनूकार्डात डोकं खुपसून बसला होता. मामा जागीच थबकले.

"काका, हे आजाऱ्यांसाठी केलंय का?" पंडिताने विचारलं.

"ओळखलंत की!" मामा खरोखरच खूश झाले. "दवाखान्यात होतो मी. मेक्सिकन जड असतं म्हणतात, म्हणून पोटाला सोसेल असं बेतलंय. इथे जेवलेला माणूस रात्री तळमळत नाही."

पंडित टेबल बडवून हसला. गिऱ्हाइकाचा मान राखायचा म्हणून मामाही थोडे हसले. मग धाकट्याकडे वळले.

"तुम्हाला कसं वाटलं?"

ज्याने लहानपणी त्याचा शेंबूड पुसला, तो माणूस त्याला अहो-जाहो करत होता. नुसतं 'मामा' म्हणायचं होतं. तेवढ्याने सगळं निभावलं असतं.

"मीठ कमी आहे," धाकटा म्हणाला.

निघताना मामींनी गल्ल्यावर डबा ठेवला. "हसून झालं असेल तर हा आईला ने. ऑपरेशनपासून तिला एवढंच पचतंय."

बाहेर आल्यावर पंडिताने विचारलं, ही बाई कोण रे? आईने इथे डबा लावलाय, धाकट्याने सांगितलं. थाप मारायलाही हुशारी लागते, आणि तेवढ्यापुरती ती त्याच्याकडे कधी कमी पडली नाही.

घरी आईने डबा चाटूनपुसून खाल्ला आणि दादा काय म्हणाला ते विचारलं. गर्दी होती, बोलणं झालं नाही, असं सांगून तो अभ्यासाला बसला.

पंडिताने ही कथा तिखटमीठ लावून कॉलेजभर केली. आठवडाभर पोरं टवाळीसाठी जाऊन जेवली. मामा त्यांना आग्रहाने वाढत राहिले. मग कुणी फिरकेना, आणि वर्ष संपायच्या आत हॉटेलला कुलूप लागलं. दवाखान्यातली जागा तोवर दुसऱ्याने घेतली होती. मामा घरात खुर्चीवर बसून राहत. धाकट्याच्या घरापासून ते घर चालत जाण्याइतकं जवळ होतं. जाऊन पाय धरायचे, माफी मागायची, असं धाकट्याने पक्कं ठरवलं होतं, पण परीक्षा झाल्यावर. आता मध्येच मनाला त्रास नको.

मामा मार्च महिन्यात वारले. त्या दुपारी धाकट्याचा दुसरा पेपर चालू होता.