पुढच्या वेळी डावीकडून

पाटी म्हटलं की तुम्हाला शाळा आठवते, पेन्सिल आठवते, मार आठवतो. त्यातली पेन्सिल तेवढी माझ्या नशिबी आली. मी पाण्याखाली लिहायची पाटी बोलतेय. खाली तोंडात हवेची नळी असते, बोलायची सोय नाही. ज्याला अगदीच राहवत नाही, तो माझ्यावर लिहितो.

जन्माने मी उरलेला तुकडा. कुठल्याशा दुकानाची पाटी कापून झाल्यावर पांढऱ्या प्लास्टिकचा चतकोर उरला, तो एका घड्याळजीने मागून आणला. हेच माझे मालक. गुळगुळीत अंगावर पेन्सिल उमटत नाही म्हणून त्यांनी मला तासभर पॉलिश पेपरने घासलं. कोपऱ्यात भोक पाडलं, दोरी ओवली, दोरीला पेन्सिलीचं थोटुक बांधलं. मग घड्याळं उघडायच्या टोच्याने रकाने कोरले: खोली, वेळ, हवा, दिशा, जोडीदार. आणि सगळ्यात खाली, दाबून दाबून, एक नियम: ‘हरवलो तर एक मिनिट शोधायचं, मग वर यायचं.’

“एवढं कोरून कशाला ठेवलंत?” बाईंनी विचारलं. बाई म्हणजे मालकांची बायको. त्या पोस्टात खिडकीवर बसायच्या.

“पाणी गढूळ झालं की हातभरावरचं माणूस दिसत नाही. आपण शोधत राहतो आणि टाकीतली हवा संपते.”

“आणि मिनिटभरात नाहीच सापडले मी तर?”

“तर मी वर येणार. तूही येणार. वरच भेटू.”

त्यांचं जाणं-येणं एकाच जागी. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात एक बुटका खडक होता, खोली जेमतेम सहा मीटर. बाकीचे पाणबुडे हसायचे, म्हणायचे, “काका, तिथं तर उभं राहिलात तरी डोकं वर येईल.” मालकांना त्याचं काही नसे. सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला ठेवून ते बेत आखत. भरती किती वाजता पूर्ण, वारा कुठला. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमून परतताना प्रवाहच आणून सोडतो. चाळीस मिनिटं. टाकी निम्मी झाली की माघारी.

“अहो, फिरायला चाललोय की परीक्षेला?” बाई म्हणायच्या आणि जोडीदाराच्या रकान्यात स्वतःच ‘मी’ असं लिहायच्या.

पहिल्याच खेपेला गंमत झाली. खडकाच्या कपारीत बाईंना निळा मासा दिसला. हरखून त्यांनी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. मालकांनी दंड धरून त्यांना थेट वर आणलं. “काय झालं? श्वास लागला?” तर बाई चिडून म्हणाल्या, “छान आहे म्हणत होते हो मी!” तेव्हापासून घरात भाजी छान झाल्याचा अंगठा कुणी दाखवला की दुसऱ्याने ताट घेऊन उठायचं. लेक लहान होती, तिला तर हसता हसता ठसका लागायचा.

शेवटची खेप मला लख्ख आठवते. टाकी निम्मी झाली, मालकांनी वळायची खूण केली. बाई मात्र खडकाच्या डाव्या अंगाला बोट दाखवत होत्या. मालकांनी मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली. पुन्हा बोट, पुन्हा टिचकी. शेवटी बाईंनी मला ओढून घेतलं आणि हातमोज्यातल्या बोटांनी वेडंवाकडं लिहिलं: ‘पुढच्या वेळी डावीकडून.’ मालकांनी मान डोलावली.

पुढची वेळ आली नाही. महिन्याभरात बाई तापाने गेल्या.

मालकांनी मला दुकानात, काउंटरमागच्या खिळ्याला टांगलं. चार वर्षं मी तिथे होते. आजूबाजूला शंभर घड्याळं टिकटिकत होती, पण माझ्याशी बोलणारं कुणी नाही. पाण्यात वाढलेल्या जिवाला कोरडी भिंत फार परकी वाटते. गिऱ्हाईकं वाचायची, विचारायची, “पत्ता आहे का कुणाचा?” मालक भिंगातून डोळा न काढता म्हणायचे, “हो, तसंच समजा.” दुकान बंद करताना मात्र माझ्यासमोर उभे राहून रोज तेच म्हणायचे, “त्या दिवशी दहा मिनिटांची जास्तीची हवा होती गं माझ्याकडे.”

मग लेक आली, आठवड्याच्या सुट्टीवर. लांबच्या गावी नोकरी करता करता तीही पाण्यात उतरायला शिकली होती. “बाबा, उद्या आपण दोघं जाऊ. तुमच्या बुटक्या खडकावर.”

“माझे कान गेलेत. तू जा कुणाबरोबर.”

“कान गेलेत, मग हळू बोललेलं बरोबर ऐकू येतं!”

बापलेकीत दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी मालक जेवायला घरी गेले असताना तिने मला खिळ्यावरून काढलं. बेत लिहून बापासमोर ठेवायचा, म्हणजे नाही म्हणता येणार नाही, असा तिचा हिशेब. ओला फडका आणि टूथपेस्ट घेऊन ती मला पुसायला लागली. मला ओरडायला तोंड नाही. तीन फटक्यांत मी कोरी झाले.

मालक आले. दारातच थांबले.

“जुनाच बेत होता ना?” लेक म्हणाली. “अक्षर केवढं वाईट काढता हो तुम्ही.”

“माझं नव्हतं ते. तुझ्या आईचं होतं.”

तिने मला पुन्हा जवळ ओढलं. मग पेन्सिल आडवी धरून माझ्यावर घासू लागली, कुठे खळगा राहिला असेल तर उमटेल म्हणून. मी जीव तोडून आठवत होते, पण अंगावर काही उरलं नव्हतं. राखाडी पट्ट्यातून वर आली ती फक्त मालकांनी कोरलेली ओळ. लेकीने रडत रडतच ती वाचली.

“हरवलो तर एक मिनिट शोधायचं, मग वर यायचं.” ती थांबली. “बाबा, चार वर्षं झाली.”

मालकांनी एका घड्याळाला चावी दिली. मग दुसऱ्याला दिली. तिसऱ्याला देता देता विचारलं, “उद्या भरती किती वाजता पूर्ण होते?”

खोली सहा, वेळ चाळीस, निम्म्या हवेवर माघारी. दिशेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं ‘डावीकडून’. जोडीदारापाशी हात अडला. लेकीने पेन्सिल घेतली आणि लिहिलं, ‘मी’.

पाणी अंगाला लागलं तेव्हा मला काय वाटलं ते कुठल्याही पाटीवर मावणार नाही. आम्ही खडकाला डाव्या अंगाने वळसा घातला. तिथे वाळू होती, थोडं शेवाळ आणि एक फुटकी बादली. बाकी काही नाही. बाईंना काय दिसलं होतं, कोण जाणे. मालक घड्याळात बघून बरोबर एक मिनिट तिथे थांबले, इकडेतिकडे पाहत. मग माझ्यावर लिहिलं: ‘इथं काही नाही गं. वाळूच आहे.’ आणि अंगठा वर केला. लेक गोंधळली, छान म्हणताहेत की वर चला म्हणताहेत? पण ती त्यांच्याबरोबर वर आली.

लेक आता परत गेलीय. मी पुन्हा त्याच खिळ्याला आहे. बाईंची ओळ माझ्यावर नाही, मालकांचं उत्तर तेवढं आहे, आणि मला अजूनही ते मोज्यातलं वेडंवाकडं अक्षर आठवून एकटं वाटतं. तुमच्या घरी अशी एखादी पाटी भिंतीला असेल तर तिला अधूनमधून पाण्यात नेत जा, एवढंच मागणं.

परवा एका जुन्या गिऱ्हाईकाने विचारलं, “हा पत्ता बदलला वाटतं?”

“पत्ता नाही, पत्र आहे,” मालक म्हणाले. “पोचलं की पुसेन.”

पोचल्याचं कळणार कसं, ते मात्र त्यांनी माझ्यावर कुठेच लिहिलेलं नाही.