कडेची नजर

“बाबांचे डोळे एकदा दाखवून आण गं. काल पुन्हा दाराच्या चौकटीला खांदा आपटला त्यांचा,” निघता निघता नणंद म्हणाली.

सुनेनं ते हसण्यावारी नेलं. “ताई, पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवतात ते. मला तीनदा थुंकी लावावी लागते. त्यांच्या डोळ्यांना काय धाड भरलीय?”

एरवी ही बाई म्हणजे काळजीचं गाठोडं. लेक नुसती शिंकली तरी थर्मामीटर शोधायची. पण सासऱ्यांच्या डोळ्यांबाबत ती निर्धास्त होती. शिंप्याचं घर ते. तिथं नजरेची परीक्षा एकच. दोरा ओवला की पास.

एका सकाळी सासरे मशीनवर कोटाचं अस्तर शिवत होते. चिमुरडी डावीकडून आली, त्यांच्या कोपराशी उभी राहिली, टाचण्यांची डबी उघडली आणि एक टाचणी तोंडाशी नेली. नातीला जिवापाड जपणारे आजोबा मात्र मशीनचं पायडल मारतच होते. सुनेनं झडप घालून टाचणी काढून घेतली, तेव्हा कुठे ते दचकले.

“ही कधी आली?”

“तुमच्या शेजारीच उभी होती, बाबा.”

“नजर कामात होती गं.”

सुनेनं टाचण्यांची डबी उचलून बाजूला ठेवली. “बरं, आता काम नाही. माझ्या नाकाकडे बघा,” ती म्हणाली आणि त्यांच्या डाव्या कानापासून हात हळूहळू पुढे आणू लागली. हात गालापर्यंत आला. त्याच्याही पुढे आला.

“दिसला की सांगा.”

“आधी आण तर खरं,” सासरे म्हणाले.

दुपारी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात. तपासणी झाली, तरी सासऱ्यांचं आपलं एकच. “डॉक्टरीणबाई, सुईदोरा द्या, आत्ता ओवून दाखवतो.”

“सुई समोर असते, आजोबा. समोरचं तुम्हाला छान दिसतं, म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. डोळ्यातला दाब वाढलाय, त्यानं कडेची नजर जातेय. दुखत नाही, खुपत नाही. काचबिंदू म्हणतात याला.”

“गेलेलं परत येईल?” सुनेनं विचारलं.

“ते नाही. पण रोज थेंब घातले आणि वेळच्या वेळी दाब मोजला, तर उरलेलं राखता येईल. यांच्या मुलांनाही तपासून घ्या. रक्ताच्या नात्यात असू शकतं हे.”

सासरे म्हणाले, “म्हणजे शिवण उसवलीय. आणखी उसवू नये म्हणून टाका घालायचा. एवढंच ना?”

“अगदी एवढंच.”

आता रोज संध्याकाळी सून थेंब घालते आणि बोलणी खाते. “सूनबाई, डोळ्यात घाल. गालाला काचबिंदू झालेला नाही.” टाचण्या वरच्या फळीवर गेल्या. मशीनची डावी बाजू भिंतीला लागली. नातीला यायचं तर उजवीकडूनच. नणंद आणि नवरा, दोघांचीही तपासणी झाली. पुढच्या खेपेला सासऱ्यांचा दाब उतरलेला निघाला, तेव्हापासून तर ते गिऱ्हाइकांनाही सोडत नाहीत. कुणी पिकल्या केसांचा आला की टेप गळ्यात ठेवूनच विचारतात, “छातीचं माप घेतो हो, पण डोळ्यांचं माप कधी दिलंत?”

तुमच्याही माहितीत असं कुणीतरी असेल, ‘मला सगळं लख्ख दिसतं’ म्हणणारं. पेपर वाचतात ना, मग झालं, असं म्हणून सोडून देऊ नका. आजच फोन लावा आणि डोळ्यातला दाब शेवटचा कधी मोजला ते विचारा. आठवत नाही म्हणाले, तर सोबत जा.