डावीकडे वळणारा चेंडू

बोलिंगचा चेंडू पुन्हा लाकडी पट्टीच्या उजवीकडच्या पन्हळीत गेला. सलग सातवा.

"मिस्त्री, तो डावीकडे वळायला हवा," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. "तुमचा भलतीकडेच पळतोय."

"दिसतंय मला!" मी खेकसलो. खरं तर मला रडू येत होतं.

तासाभरात मालक येणार होते. बावीस वर्षं या बोलिंगच्या हॉलमध्ये चेंडूने पाडलेल्या पिना पुन्हा उभ्या करणारी यंत्रं मी सांभाळली. आता नवी यंत्रं येणार आणि ती बिघडली तर कंपनीचा माणूस येणार, म्हणजे माझं काम संपलं. मालकांच्या हातापाया पडलो, तेव्हा म्हणाले, "नवशिक्यांना शिकवायला कुणीतरी हवंय. शनिवारी हुक टाकून दाखवा, ठेवतो." हुक म्हणजे सरळ जाता जाता शेवटी वळणारा आणि पिनांच्या कुशीत शिरणारा चेंडू. असे हजारो चेंडू मी यंत्रामागून पाहिले होते, टाकला मात्र एकही नव्हता. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? बायकोला अजून काही बोललो नव्हतो. ती रोज डबा भरून देत होती आणि मी चोरासारखा तो घेऊन निघत होतो.

ताई जवळ आल्या. "चेंडू सोडताना मनगट कसं फिरवता? दाखवा बरं."

मी दाखवलं. त्या हसतच सुटल्या. "अहो, नट आवळताय तुम्ही! उलटं फिरवा. सैल करा."

यंत्रामागच्या अडचणीच्या जागेत मी उजव्या हाताने आवळतो, डाव्याने सैल करतो. बावीस वर्षांची सवय. उजव्या हाताला सैल करणं ठाऊकच नव्हतं. त्याला अक्षरशः दटावत मी आठवा चेंडू सोडला. सकाळी मीच पट्टीवर लावलेल्या तेलावरून तो सरळ घसरत गेला, तेल संपलं तिथे वळला आणि दहाही पिना आडव्या झाल्या. माझ्या तोंडून शिवीच निघाली. ताईंनी टाळ्या वाजवल्या.

मालकांसमोर मी तीन टाकले. तिन्ही वळले.

"वा मिस्त्री! या वयात कमाल केलीत," ते म्हणाले. मग घड्याळाशी चाळा करत राहिले. "पण काय झालं, शिकवायला भाच्याला घेतलंय. कालच ठरलं. घरातलं माणूस, नाही कसं म्हणणार?"

ताई काउंटरमागे जाऊन खेळणाऱ्यांना द्यायचे बूट उगाचच फळीवर लावत बसल्या.

"तुमच्याशिवाय होणार नाही असं एक काम आहे मात्र," मालक म्हणाले. "जुनी यंत्रं तेवढी खोलून द्या. दुसऱ्या कुणाच्या हातून मोडतोड व्हायची."

बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पहिल्या यंत्रामागे शिरलो. डबा नेहमीच्या खिळ्याला अडकवला. सवयीने पाना डाव्या हातात घेतला होता, तो उजव्यात घेतला आणि मनगट उलटं फिरवलं. बोल्ट पहिल्याच झटक्यात सुटला.